गुत्त्याची खिडकी

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मी दारूच्या गुत्त्यात संसार केला. नाती हे ऐकून हसतात. मला तेव्हा हसू आलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही फारसं येत नाही.

आमच्या यजमानांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली. ते कराडकडून आधी आले, मग तान्ह्या मुलीला घेऊन मी आले. कारखाना उभा राहिला होता, पण त्यात काम करणाऱ्यांनी राहायचं कुठं याचा विचार अजून कुणी केलेला दिसत नव्हता. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या बराकी गच्च भरलेल्या. चिंचवडात खोली मिळेना. शेवटी भोसरीच्या पुढं, नाशिक रस्त्याला लागूनच एका लांबट इमारतीच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. सामान उतरवताना मी विचारलं, "भिंतींना हा वास कसला येतोय?"

यजमान म्हणाले, "जुनं घर आहे. जाईल हळूहळू."

तो गेला नाही. शेजारणीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मला कळलं, की ती इमारत म्हणजे इंग्रजांच्या काळापासूनचा गुत्ता. नाशिककडं जाणारे गाडीवान आणि दिघीच्या लष्करी हद्दीतले शिपाई तिथं बसून प्यायचे. दारूबंदी आली, गुत्ता बंद पडला आणि मालकानं मधे कूड घालून इमारत भाड्यानं दिली. पुढच्या मोठ्या दालनात नगरकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. घरचा माणूस ट्रक दुरुस्त करायचा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणू लागले. आमच्याकडं मधली एक खोली आणि तिच्यामागची, पूर्वी दारूची पिपं ठेवायची, ती कोठी.

गुत्ता बंद झाल्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती किंवा पोचूनही पटली नव्हती. दिवसाढवळ्या माणसं दार वाजवायची. मी कडेवर पोरगी घेऊन दार उघडायची आणि समोरचा दचकून विचारायचा, "बंद झालं का हो?" एक पेन्शनर शिपाई तर दर आठवड्याला यायचा. "बाई, जरा बघा की मागं. एखादी बाटली राहिली असंल कोपऱ्यात." त्याला मी रागानं बोलले, हात जोडले, एकदा तर आत बोलावून कोठी दाखवली. त्यानं चुलीकडं बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "लई वाईट केलं." पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

हेही मी सोसलं असतं. कोठीचं मात्र सोसवेना. तिला एकही खिडकी नव्हती. दारू चोरीला जाऊ नये आणि उन्हानं तापू नये म्हणून ती तशीच बांधलेली. हातभर जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. पुढच्या भागावर कौलं होती, त्यांच्या फटींतून धूर तरी गेला असता. माळवदातून काय जाणार? स्टोव्ह होता, तो चहापुरता. भाकरी चुलीवर. मधल्या खोलीत चूल मांडायला मालकाची मनाई, कारण तिथं लाकडी खांब आणि वर फळ्यांची तक्तपोशी. म्हणजे सकाळ-संध्याकाळ मी त्या कोठीत, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तव्यावरची भाकरी दिसायची नाही, वासावरून उलटायची. पोरगी मधल्या खोलीत झोपलेली असली तरी खोकायची. त्या खोकल्यानं माझा जीव वरखाली व्हायचा.

मी मालकाला निरोप धाडला. मालक जवळच्या मळ्यात राहायचे. साठीचे असतील, उंच, पांढरा फेटा, बोलणं सावकाश. ओट्यावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"एक लहानसा झरोका पाडू द्या," मी म्हणाले. "खर्च आम्ही करतो."

"खर्चाचं न्हाई वो," ते म्हणाले. "तुमाला ठावं न्हाई. ह्या गुत्त्याचं चित्र पुण्याच्या संग्रहालयात हाय. गोऱ्या सायबानं सोता हितं झाडाखाली बसून काढलंय. पान्याच्या रंगात. माझा आजा हाय त्यात, दारात हुबा, मिशीवर हात ठिवून. चित्रात हाय तसंच ऱ्हायला पायजे."

"पण मागच्या भिंतीला एक खिडकी पाडली तर आजोबांना काय त्रास होणार आहे?"

"चित्रात खिडकी न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "उद्या कुनी चित्राशी ताडून बघाय आलं म्हंजी?"

मी यजमानांकडं बघितलं. ते सायकलची साखळी पुसत होते. मालक गेल्यावर म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे एका परीनं. जुनी वास्तू आहे."

"तुम्ही एक दिवस त्या वास्तूत भाकऱ्या करा," मी म्हणाले.

"बघू," ते म्हणाले. आमच्या यजमानांच्या तोंडी 'बघू' हा शब्द कायमचा बसलेला. त्या शब्दावर मी जितकी संतापले असेन तितकी दारुड्यांवरही संतापले नाही.

नंतर मालकाला मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा ते चित्र मधे आलं. मोरी बांधायची? चित्रात न्हाई. दाराला आतून कडी बसवायची? चित्रात कडी कशी दिसणार, असं मी विचारलं, तेव्हा कडीला परवानगी मिळाली. त्यावरून माझ्या डोक्यात आलं, की हे चित्र आपण एकदा स्वतः बघावं. कोण जाणे, असेलही त्यात खिडकी. मग बोला म्हणावं.

पोरीला भाभीकडं ठेवून मी एसटीनं पुण्याला गेले. संग्रहालय शोधत शोधत दारापर्यंत पोचले तर त्या दिवशी सुट्टी. कुलूप बघून मी पायरीवर बसले आणि डब्यातली पोळी खाऊन परत आले. "सुट्टी कधी असते ते विचारून जायचं ना," यजमान म्हणाले. मी ताट जरा जोरातच ठेवलं.

पुढच्या खेपेला संग्रहालय उघडं होतं. मी सगळी दालनं हिंडले. तलवारी बघितल्या, दिवे बघितले, अडकित्ते बघितले, कुठल्याशा सरदारांच्या पगड्या बघितल्या. चित्रांच्या दालनात राजे होते, घाट होते, देवळं होती. गुत्ता नव्हता. एका भिंतीवर मात्र चौकोनी फिकट डाग होता, खाली मोकळा खिळा. मी शिपायाला विचारलं, त्यानं मला आत अधिकाऱ्यांकडं नेलं. कृश, खादीचा कोट घातलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली.

"आहे ते चित्र," ते म्हणाले. "पण प्रदर्शनात नाही. दारूबंदी आली तेव्हा उतरवून ठेवलं."

"का बरं?"

"असं बघा, बंदीच्या राज्यात गुत्त्याचं चित्र भिंतीवर कसं ठेवायचं? मंत्री येतात. शाळेची मुलं येतात."

"चित्र बघून कुणाला चढते का?"

ते कसनुसं हसले. "तुम्हाला नाही चढणार हो. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. तुमचा त्या चित्राशी संबंध काय?"

"मी त्यात राहते," मी म्हणाले.

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मी धुराचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, पोरीच्या खोकल्याचं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि वाईट वाटूनही ते जागचे हलले नाहीत. भाडेकरूला कोठारातली वस्तू दाखवायची कुठलीच रीत नव्हती. "इमारतीचे मालक स्वतः आले तर मला काहीतरी करता येईल," ते म्हणाले. "त्यांच्या घराण्याचा प्रश्न आहे, असं म्हणता येईल."

परतीच्या एसटीत मला रडू येत होतं. धुरानं रोजच डोळे गळायचे, त्यामुळं रडायलाही लाज वाटायची, म्हणून रडले नाही.

मालकाला पुण्याला न्यायला महिना गेला. कधी मळ्यात पाणी धरायचं, कधी चाकणच्या बाजाराला जायचं, कधी कुणाचं लग्न. मला वाटायचं, इतका अभिमान आहे तर हा माणूस धावत का येत नाही? शेवटी एकदा भाभीनंच त्यांना ओट्यावर धरलं. "मालक, तुमी बघितलंय ना ते चित्र? मग परत बघायला काय हरकत?"

मालक खाली बघत म्हणाले, "म्या न्हाई बघितलं. बानं बघितलं व्हतं. साहेब काढत बसला व्हता तवा बा बारका व्हता, साहेबामागं हुबा ऱ्हाऊन त्यानं बघितलं. त्यो सांगायचा."

मी कपाळाला हात लावला. ज्या चित्रापायी माझी खिडकी अडली होती ते चित्र आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नव्हतं.

त्यानंतर मात्र ते तयार झाले. ठरल्या दिवशी नवा फेटा, धुतलेलं धोतर, पायांत करकरणाऱ्या वहाणा. एसटीत त्यांनी खिडकीजवळची जागा मला दिली. दापोडीचा पूल ओलांडताना ते एकदम म्हणाले, "माझ्या आज्याला म्या बघितलेलं न्हाई. माझ्या जन्माआधीच गेला. फोटू न्हाई, काय न्हाई."

मला त्या वेळी त्यांच्या आजोबांचं फारसं काही वाटत नव्हतं, हेही खरं.

अधिकाऱ्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं. शिपायानं कापडात गुंडाळलेल्या चौकटींच्या चळतीतून एक काढली आणि टेबलावर उजेडात ठेवली. मला वाटलं होतं भिंतभर असेल. ते हातभर लांब आणि त्याहूनही कमी उंच होतं. अर्ध्याहून जास्त नुसतं आकाश, फिकट निळं, कडेला करडं. त्याखाली दिघीच्या टेकड्या, इतक्या हलक्या हातानं काढलेल्या की जणू कागदच तिथं ओला राहिला होता. मग आमची इमारत. पुढचा ओटा, लाकडी खांब, कौलं. झाड. सोडलेल्या दोन बैलगाड्या आणि झाडाला बांधलेला एक घोडा. चित्र सुंदर होतं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, तरी ते मला मानावं लागलं. आमची ती वास मारणारी जागा कुणाला तरी इतकी निवांत दिसली होती, याचा मला रागही आला.

मी लगेच भिंत शोधू लागले. मागची बाजू चित्रात नव्हतीच. साहेब रस्त्याच्या बाजूला बसला होता, त्याला मागची भिंत कशी दिसणार? बाजूची भिंत मात्र तिरकी दिसत होती आणि तिच्या टोकाला, कोठीच्या जागी, एक काळपट चौकोन होता. बोटाच्या नखाएवढा.

"ही बघा! ही खिडकी!" मी जवळजवळ ओरडलेच.

अधिकारी वाकले. "सावली असेल. किंवा ओल लागली असेल. कागद जुना आहे."

"सावली चौकोनी कशी पडेल?"

"पखाल टांगली असंल," मालक म्हणाले, पण त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते दाराकडं बघत होते. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत होते. दारात एक माणूस होता खरा. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका म्हणजे फेटा, तपकिरी रंगाचा एक ओघळ म्हणजे अंग. चेहरा नव्हता. मिशी नव्हती, हात नव्हता. कुंचला एकदा टेकवला आणि उचलला, एवढंच.

"भिंग हाय का?" मालकानं विचारलं.

अधिकाऱ्यांनी भिंग दिलं. भिंगातून ठिपका मोठा दिसला, इतकंच. मालकानं भिंग घोड्यावर नेलं. घोड्याचा डोळा काढलेला होता, आयाळ काढलेली होती, खोगिराचा पट्टा आणि त्याची बक्कलसुद्धा.

"घोडा साहेबाचा असावा," अधिकारी हळूच म्हणाले.

"व्हय," मालक म्हणाले. "घोड्याला डोळा हाय."

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, तो चौकोन म्हणजे खिडकीच, असं तुम्ही सांगा ना त्यांना. ते म्हणाले, "मी असं कसं सांगू? मला माहीत नाही." त्यांचं बरोबरच होतं. मी मात्र त्यांना नमस्कारसुद्धा न करता बाहेर आले.

आम्ही परतीची एसटी धरली. भोसरी आली, आम्ही उतरलो. मला थांबायला हवं होतं हे आज कळतं, पण संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती आणि पुन्हा ती कोठी माझी वाट बघत होती. मी विचारलं, "मग खिडकीचं काय करायचं?"

ते रस्त्यातच थांबले. "तुला खिडकीच दिसती व्हय गं?" ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला अगंतुगं केलं. "माझ्या बानं जलमभर सांगितलं, आन तिथं मानूसच न्हाई. आन तुला खिडकी पायजे."

"हो, पाहिजे," मी म्हणाले. "तुमचे आजोबा चित्रात असोत वा नसोत, माझी मुलगी खोकते आहे."

ते वळून मळ्याकडं चालू लागले.

त्या रात्री यजमानांनी सगळं ऐकलं आणि 'बघू' म्हणाले. सकाळी ते कामावर गेले. मी भाभीकडं जाऊन मिस्त्रींची पहार मागितली. भाभीनं कशाला ते विचारलं नाही, पदर खोचला आणि तीही आली. भिंत वाटली तितकी टणक नव्हती. वरचा गिलावा पडला, मग माती भुरूभुरू ओघळली. पहिला दगड निघायला मात्र आम्हा दोघींचा घाम निघाला. तो निघाल्यावर बाकीचे सोपे गेले. भोकातून बाहेरचा उजेड आत आला तेव्हा कोठीच्या भिंती मी पहिल्यांदा नीट बघितल्या. इतक्या काळ्या असतील असं वाटलं नव्हतं. पिपं टेकून टेकून भिंतीला पडलेले गोल खळगे दिसले. भाभी म्हणाली, "या अल्ला, ह्याच्यात तू पीठ मळत होतीस?"

मालक तिसऱ्या दिवशी आले. भोकासमोर उभे राहिले आणि खूप बोलले. आज्यानं घातलेली भिंत, भाडेकरूची मिजास, उद्या माळवद खचलं तर कोण जबाबदार. खोली खाली करा म्हणाले. मी उत्तर देणार तोच यजमान कारखान्यातून परतले. सायकल भिंतीला लावून ते पुढं आले आणि म्हणाले, "खाली करतो. दुसरी मिळेपर्यंत खिडकी राहील." आवाज चढवला नाही, पण 'बघू' म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

दुसरी खोली काही लवकर मिळाली नाही. दिवाळीला मी माहेरी गेले होते, तेवढ्यात मालकानं गडी आणून भोक दगडमातीनं बुजवून टाकलं. यजमान पहिल्या पाळीला गेले असताना. मी माहेराहून परत आले तेव्हा ओली माती बघून मी सामानसुद्धा खाली ठेवलं नाही, तशीच भाभीकडं पहार आणायला गेले. या वेळी एकटीनंच पाडलं. माती अजून मऊ होती.

पुन्हा बुजवतील म्हणून मी वाटच बघत होते. मालक काही दिवस आलेच नाहीत. मग एका सकाळी गवंडी घेऊन आले. माझ्याशी बोलले नाहीत. गवंड्याला म्हणाले, "असं उघडं भोक ठिवलं तर भित फुगंल. वर घे, चौकट बसव." माझं भोक त्यांनी बुजवलं आणि त्याच्या पुष्कळ वर, माळवदाच्या अगदी खाली, दोन गज घातलेला लहानसा झरोका बसवला. मी म्हणाले, "अहो, इतक्या वर? मला हातसुद्धा पोचणार नाही. उजेड काय येणार?"

"धुरासाठी मागितली व्हती," ते म्हणाले. "धूर वरच जातो."

धूर गेला, हे खरं. पोरीचा खोकला महिन्याभरात थांबला. पण बाहेरचं काही दिसायचं नाही, झडप लावायला स्टुलावर चढावं लागायचं आणि स्टुलावर उभं राहिलं की नाशिक रस्त्याची धूळ थेट डोळ्यांत. पावसात पाणी आत. मी दोन वर्षं त्या झरोक्याला शिव्या घातल्या. यजमान म्हणायचे, "आता आहे ना?" आणि मला पुन्हा राग यायचा. आहे हे खरं होतं, आणि मी मागितली होती ती ही नव्हती हेही तितकंच खरं होतं.

मालक नंतर कामापुरतं बोलत. चित्राचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. एकदा गावच्या शाळेचे एक मास्तर त्याची माहिती विचारायला ओट्यावर आले होते. मी आतून ऐकत होते. मालक म्हणाले, "तसं कायबी न्हाई, मास्तर. लोकं बोलत्यात." मास्तर बिचारे वही मिटून गेले. मला बाहेर येऊन सांगता आलं असतं, की चित्र आहे, चांगलं आहे, पुण्याला मागच्या खोलीत कापडात गुंडाळून ठेवलंय. पण मालक खांबाला टेकून रस्त्याकडं बघत बसले होते, त्यांची पाठ मला दिसत होती. मी आतच थांबले, आणि चहा टाकला, त्यांच्यासाठीही.

कप बाहेर नेऊन ठेवला तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. "साखर कमी घाला," एवढंच म्हणाले.